टोपीबाईचा हात

प्रयोगशाळेत तिला सगळे टोपीबाई म्हणत. कामच तसं होतं. माणसाच्या डोक्यावर तारांची रबरी टोपी चढवायची, टोपीच्या एकेका भोकातून थंडगार जेल सोडायचं, ते केसांत न अडकता कातडीला लागलंय ना हे बघायचं आणि मेंदूच्या लहरी पडद्यावर नीट उमटल्या की मॅडमना खूण करायची. "मी रोज चार जणांना टोपी घालते, आणि वर तेच मला थँक्यू म्हणतात," असं ती स्वतःच सांगत सुटायची. हसायचीही स्वतःच, सगळ्यांच्या आधी.

प्रयोगशाळा रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर होती. मॅडम म्हणजे तिथल्या प्रमुख. वयानं टोपीबाईच्या लेकीहून जेमतेम थोड्या मोठ्या, पण झोप कमी आणि चष्मा जाड. त्यांचं म्हणणं एकच, "माणूस बोलतो एक, वागतो दुसरं, आणि का ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. मेंदू तरी खरं सांगेल." म्हणून त्या शेकडो धडधाकट माणसांना खुर्चीत बसवत. स्पीकरमधून आवाज यायचा, "मूठ." की माणसानं मूठ आवळतोय अशी नुसती कल्पना करायची. हात हलवायचा नाही. मग आवाज यायचा, "स्वस्थ." की काहीच करायचं नाही. ह्या दोन्ही वेळच्या लहरी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका यंत्राला चारायच्या. दोन्हींतला फरक त्यानं आपला आपण शोधायचा.

"माणूस ओळखायला टोपी कशाला, मॅडम?" टोपीबाई म्हणायची. "त्याच्याबरोबर एकदा घर बदलून बघा. ट्रंक जिन्यात अडकली की स्वभाव कळतो."

टोपीचा हनुवटीखालचा पट्टा जुना होऊन सैल पडला होता. माणसं खुर्चीत चुळबुळ करायची आणि टोपी मागं सरकायची. नवा पट्टा मागवायचा हे सगळ्यांना मान्य होतं, त्यामुळे तो कोणीच मागवला नाही. टोपीबाई आपली खुर्चीमागं उभी राहून उजव्या हातानं टोपी धरून ठेवायची. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी हटकलंही नाही. उलट लोकांना बरं वाटायचं. डोक्यावर कोणाचा तरी हात आहे म्हटलं की भलेभले निवतात.

तिचा नवरा पोहायला शिकवायचा. सगळं गाव त्याला मास्तर म्हणे, आणि घरात तीही मास्तरच म्हणे. अर्ध्या गावाला त्यानं पाण्यात ढकललं होतं. आवाज असा की शिट्टी गळ्यात नुसती शोभेला. घरी दोघांची जुगलबंदी चालायची. पहिला घास घेतला की मास्तर विचारणार, "मीठ विसरलीस की माझ्यावर राग आहे?" ती म्हणणार, "राग असता तर मीठ नसतं घातलं, दुसरंच काहीतरी घातलं असतं." ह्याच दोन वाक्यांवर त्यांचा संसार तीस वर्षं चालला म्हणा ना. त्याहून कमी भांडवलावर चाललेले संसार लोकांनी पाहिले आहेत.

एका सकाळी पोरांना पाण्याबाहेर काढता काढता मास्तर काठावर बसले आणि कलंडले. हृदय बंद पडलं होतं. ते पुन्हा सुरू केलं, पण तोवर मेंदूला फार वेळ प्राणवायू मिळाला नव्हता. आता ते खालच्या मजल्यावर पडून होते. डोळे उघडत, मिटत, खोकला येई, जांभई येई. नजर मात्र कोणावरच थांबत नसे.

वॉर्डाचे डॉक्टर सरळ बोलणारे होते. म्हणाले, "बाई, शरीर आहे. माणूस आत आहे की नाही, सांगता येत नाही. ज्यांच्यात काही जाग दिसते त्यांनाच आम्ही इथं ठेवतो, व्यायाम देतो. नाहीतर घरी न्यावं लागेल." घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, लिफ्ट नाही. आणि घरी नेलेली अशी माणसं फार टिकत नाहीत, हे त्यांनी सांगितलं नाही, पण तिला कळलं.

ती तडक वर गेली. "मॅडम, मास्तरांना टोपी घालते."

मॅडमनी आढेवेढे घेतले नाहीत. तसे काही रुग्ण त्यांनी तपासले होतेच. पलंग वर आणला. टोपीबाईनं टोपी चढवली आणि सवयीनं डोक्याशी उभी राहिली. ठरलं असं की मास्तरांना प्रश्न विचारायचा. उत्तर 'हो' असेल तर त्यांनी मनातल्या मनात मूठ आवळायची. यंत्राला मूठ सापडली की पडद्यावरचा दिवा हिरवा होणार. 'नाही' असेल तर स्वस्थ पडायचं, दिवा करडाच राहणार.

"मास्तर, ऐकू येतंय?"

दिवा हिरवा झाला.

टोपीबाई खुर्ची न बघताच खाली बसायला गेली आणि पडता पडता वाचली. लेक भिंतीला टेकून रडत होती. मॅडमचाही चष्मा धुरकटला. पुढं किती विचारलं त्याला गणती नाही. ही कोण, ओळखता का? हिरवा. दुखतंय का कुठं? करडा. जगायचंय ना, मास्तर? हा प्रश्न टोपीबाईचाच. हिरवा, लख्ख हिरवा.

मग लेकीनं डोळे पुसत विचारलं, "बाबा, आईच्या हातचं जेवण आवडायचं का?"

दिवा करडा. सगळ्यांनी वाट पाहिली. करडाच.

"बघा! बघा मेल्याला!" टोपीबाई हसता हसता रडली. "आता कोणी म्हणून दाखवा की हे मास्तर नाहीत!"

मास्तरांचा पलंग व्यायामाच्या वॉर्डात राहिला. त्याच आठवड्यात खिडकीजवळच्या मुलीलाही टोपीबाईनं टोपी घातली, तिचाही दिवा हिरवा झाला, आणि तिची आई टोपीबाईच्या गळ्यात पडून रडली. टोपीबाई आता रोज संध्याकाळी काम आटोपलं की मास्तरांना वर आणून गप्पा मारायची. पडदा लावू का? शेजारच्यांच्या नव्या गाडीला मी नाव ठेवलं ते बरोबर ना? मास्तर 'हो' म्हणायचे. लग्नानंतर इतक्या वेळा ते कधी 'हो' म्हणाले नव्हते, पण आजारपणात माणूस बदलतो, असं तिनं स्वतःला समजावलं.

एके दिवशी लेक म्हणाली, "आई, आज तू बाहेर थांब. मला बाबांशी एकटीला बोलायचंय."

"माझ्यापासून चोरून?"

"हो, तुझ्यापासून चोरूनच. थांब बाहेर."

टोपी वॉर्डातल्या सिस्टरनं घातली. उशीचा आधार देऊन ती नीट बसवली आणि सिस्टर मागं सरली. टोपीबाई बाकावर बसून होती. थोड्या वेळानं लेक बाहेर आली. डोळे रडून लाल.

"बाबा सगळ्याला नाही म्हणाले."

"काय विचारलंस असं?"

"आधी विचारलं, ऐकू येतंय का. नाही. मी तुमची लेक ना? नाही! आई, त्याला सुद्धा नाही!"

"रुसले असतील. मला बाहेर काढलंस म्हणून रुसले."

लेकीनं विश्वास ठेवला असता. पण दारात मॅडम उभ्या होत्या. ज्याला ऐकू येत नाही तो 'नाही' म्हणेलच कसा, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपीबाईला कॉम्प्युटरपुढं बसवलं. प्रत्येक तपासणीचं चित्रण होत असे. इतके दिवस सगळ्यांनी त्यात रुग्णाचा चेहरा पाहिला होता. मॅडमनी चित्र मोठं करून टोपीमागचा हात दाखवला.

"मास्तर, जगायचंय ना?" पडद्यावरची टोपीबाई विचारत होती. आणि तिची बोटं टोपीवर आवळली जात होती. किंचित. टोपी केसभर हलत होती, तारा थरथरत होत्या, दिवा हिरवा होत होता.

"बाळाला भरवताना आईचं तोंड उघडतं की नाही, ताई? तसंच," मॅडम हळू म्हणाल्या. "'मूठ' ऐकलं, मनात 'हो' आलं की तुमचीच मूठ वळते. पहिल्या दिवसापासून, सगळ्यांच्या डोक्यांवर. यंत्राला आम्ही काय बघायचं ते सांगितलंच नव्हतं. फरक शोध, एवढंच सांगितलं. त्याला सगळ्यात सोपा फरक सापडला, तुमच्या हाताचा. आणि मी ते तपासलं नाही."

"पण जेवणाला नाही म्हणाले ते?"

मॅडमनी तेही चित्रण लावलं, त्यात बोटं सैलच होती.  मास्तर काय म्हणतील हे तिला पाठ होतं, म्हणून हात थांबला होता. तिनं रोज संध्याकाळी येऊन गप्पा मारल्या होत्या त्या स्वतःशीच.

"खिडकीजवळची मुलगी?" तिनं विचारलं.

"तिच्या आईला मलाच सांगायचंय."

टोपीबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "कोणाला ठेवायचं ते ठरवायची वॉर्डाची बैठक मंगळवारी आहे, मॅडम. तुम्ही हे बुधवारी बघितलं, असं नाही का होणार?"

"ताई."

"एक दिवस, मॅडम. तुमची एवढी डोकी वाचायची घाई, ह्या एका डोक्यासाठी एक दिवस थांबा!"

"मी पट्टा आणलाय नवा," मॅडम म्हणाल्या.  "पुन्हा करून बघू. हात न लावता. कदाचित ते असतीलही आत."

आशा ही चिवट जात. टोपीबाईनं टोपी घातली तेव्हा तिला खात्रीच होती. जेल नेहमीपेक्षा नेटकं सोडलं, पट्टा आवळला आणि दाराजवळ जाऊन हात पाठीमागं बांधून उभी राहिली.

"मास्तर, ऐकू येतंय?"

करडा.

"अहो, मी आहे."

करडा. पाठीमागं तिचे दोन्ही हात एकमेकांना इतके करकचून धरून होते की नखं रुतली. सगळा जोर तिथं चालला होता, आणि तिथून एकही तार जात नव्हती.

"मास्तर, एवढं एक करा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना हात मारायला लावलेत. स्वतःची मूठ मनातल्या मनात आवळायचीय फक्त. जड जातंय का एवढं?"

करडा.

मॅडम म्हणाल्या, "यंत्राला सापडलं नाही म्हणजे नाहीच असं नाही, ताई. हे यंत्र आता कशालाच प्रमाण नाही. ना होला, ना नाहीला. पहिल्यापासून शिकवावं लागेल."

"आणि मंगळवार?"

"वॉर्डाला दाखवण्यासारखं आपल्याकडं काही नाही."

टोपीबाई पलंगाशी आली. "एकदा हात लावू द्या. मी हलवत नाही. शप्पथ."

मॅडमनी होकारार्थी मान डोलावली. तिनं उजवा हात टोपीवर ठेवला. बोटं सैल सोडली, एकेक करून, जशी ती घाबरलेल्या माणसांना सोडायला सांगायची. खांदा सोडला. श्वास सोडला. हात मेल्यासारखा पडलाय ह्याची खात्री करून तिनं विचारलं, "ऐकताय ना?"

दिवा हिरवा झाला.

तिनं चटका बसल्यासारखा हात उचलला. दिवा करडा झाला. "बंद करा ते," ती म्हणाली. "खोटारडं मेलं." आणि खोटारडं कोण, हे तिचं तिलाच ठाऊक होतं.

टोपी काढल्यावर केसांतलं जेल धुवावं लागतं, नाहीतर त्याचे खडे होतात. तिनं कोमट पाणी आणलं, मास्तरांच्या मानेखाली टॉवेल घातला आणि साबण लावायला घेतला. मॅडम बाहेर निघून गेल्या होत्या. लेक दारात आली.

"काय म्हणाले?"

"काही नाही."

"नाही म्हणाले?"

"नाही सुद्धा म्हणाले नाहीत. सगळं मीच बोलत होते." तिनं केसांतून बोटं फिरवली. "मंगळवारच्या बैठकीनंतर घरी न्यायचं. जिन्यातून खुर्चीत बसवून नेऊ. चार माणसं लागतील."

लेक जवळ आली आणि वडिलांच्या पायांवरचं पांघरूण उगीच सारखं करत राहिली.

"त्या दिवशी चोरून काय विचारणार होतीस?" आईनं विचारलं.

"विचारलं होतं. शेवटी." लेकीनं मान वर केली नाही. "दुसऱ्या शहरात नोकरी मिळतेय. चांगली. बाबांना विचारलं, मी गेले तर चालेल का? दिवा करडा. म्हणून एवढी रडले."

"आणि मला का नाही विचारलंस?"

"तू हो म्हणाली असतीस. मनात काय आहे ते कळलं नसतं."

टोपीबाईनं मग्यानं पाणी ओतलं. साबणाचा ओघळ मास्तरांच्या कानामागून खाली आला. तिनं तो पुसला. डोळे उघडेच होते, छताकडं.

"आता विचार."

"आई, राहू दे."

"विचार म्हणते ना."

"मी जाऊ?"

"जा," ती म्हणाली. आवाज अगदी ठणठणीत होता. तिचा उजवा हात मास्तरांच्या ओल्या केसांत होता. त्याची मूठ काही वळली नाही.