तांब्यावरचं कुंकू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

धारवाडात, सप्तापूरजवळ, आमची लहानशी प्रयोगशाळा आहे. कर्करोगाच्या गाठीवर प्रोटॉनचा झोत सोडणारं यंत्र आम्ही बनवतो — एका खोलीत मावेल असं, म्हणजे इकडच्या पेशंटला मुंबई गाठायला नको. त्याचा जीव म्हणजे तांब्याच्या चकत्या. त्या एकीवर एक रचून भट्टीत जोडायच्या, मग आतली हवा काढून टाकायची. उघड्या बोटाचा ठसासुद्धा चालत नाही — वीज चढवली की तिथं ठिणगी उडते. त्या धुण्याचं काम सुधाअक्कांचं. धुतलेल्या चकतीजवळ त्या श्वाससुद्धा जपून घ्यायच्या.

खंडेनवमी आली. लेथ, कंप्रेसर, बाहेरच्या स्कूटर — सगळ्यांना हळदकुंकू झालं. फक्त चकत्यांच्या खोलीत कुणी जायचं नाही, असा नियम. पण मी पडलो भित्री भागूबाई! पूजेवाचून राहिलेलं यंत्र उलटतं, हे माझ्या वडिलांनी, अप्पांनी, लहानपणीच डोक्यात भरलेलं. उद्या त्याच्यासमोर आजारी माणूस झोपणार — आणि काही झालं तर? मी गुपचूप आत गेलो, हातमोजा काढला, धुऊन ठेवलेल्या एका चकतीला कुंकवाचं बोट लावलं. लगेच घाबरून रुमालानं पुसलंही. डोळ्यांना तर स्वच्छ दिसलं.

जोडणी झाली. वीज चढवायला लागलो की आत ठिणग्या — पुन्हा पुन्हा. शेवटी सगळं कापून उघडलं, तर एका चकतीवर काळा डाग. सगळ्यांची मेहनत पाण्यात. धुण्यातच चूक झाली, असं साहेबांनी ठरवलं. मी समोरच उभा होतो. तोंड उघडलं का? छे! नोकरी जाईल, लोक हसतील — एवढा शिकलेला आणि तिथं कुंकू लावतो! — हीच भीती.

अक्कांनी नोकरी सोडली. कुणी काढलं नाही हो. त्यांचाच स्वतःच्या हातांवर भरवसा उरला नाही. आजही नव्या यंत्रात ठिणगी उडाली की मला ते कुंकू आठवतं — नाही उडाली तरी आठवतं.

पण सांगायचं होतं ते एवढंच नाही. जायच्या दिवशी अक्का माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "माझ्याच हातून राहिलं असणार रे. तुम्हा सगळ्यांचं नुकसान केलं मी."

तेव्हाही सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. आणि मी काय म्हणालो, माहीत आहे? "होगली बिड्री, अक्का — जाऊ द्या. माणसाकडून होतं असं."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले — मला.