नाडीबाईंचं एक मिनिट

नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या या बाईंना सगळे नाडीबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. पहिल्या वर्षाच्या मुली आल्या की बाई त्यांना जोडीजोडीनं बसवत, एकमेकींचं मनगट धरायला लावत आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवत. "पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंदं मोजून चारनं गुणायची हौस असेल, तर किराणा दुकानात नोकरी धरा." कुणी खिदळलं, की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. तीस वर्षं हे चाललं. मुली कंटाळायच्या, बाईंच्या नकला करायच्या, पण मिनिट मोजायच्या.

मग कॉलेजनं पहिल्या वर्षाचे धडे ऑनलाइन करायचं ठरवलं. बाईंना एका कोंदट खोलीत कॅमेऱ्यापुढे बसवलं. समोर ना वर्ग, ना मनगट. बाईंनी तरीही कंबर कसली. नाडीच्या धड्यात त्यांनी पडद्यावर घड्याळ ठेवलं आणि साठ सेकंदं गप्प बसल्या. तेवढ्या वेळात मुलींनी घरातल्या कुणाचं तरी मनगट धरून ठोके मोजावेत, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

महिन्याभरानं कोर्स तयार करणारा तंत्रज्ञ आकडे घेऊन आला. माणूस वाईट नव्हता, आधी चहा सांगून मगच बोलला.

"बाई, या जागी शंभरातल्या नव्वद मुली व्हिडिओ पुढे ढकलतात. काही तर तिथूनच कोर्स सोडतात. आपण पंधरा सेकंदं ठेवू, चारनं गुणा म्हणू."

"आणि विसाव्या सेकंदाला ठोका चुकला तर?"

"ते खाली बारीक अक्षरात टाकू."

बाई आठवडाभर भांडल्या, प्राचार्यांपर्यंत गेल्या. प्राचार्य म्हणाले, "तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे." हे वाक्य ऐकलं की काम होत नाही, हे बाईंना अनुभवानं माहीत होतं. निवृत्तीला चार महिने उरले होते, कुठे डोकं फोडत बसायचं? त्यांनी कॅमेऱ्यापुढे बसून म्हटलं, "पंधरा सेकंदं मोजा आणि चारनं गुणा." एका दमात झालं, पुन्हा घ्यावं लागलं नाही.

कोर्स फारच चालला. लांबलांबच्या गावांतल्या मुली पैकीच्या पैकी गुण घेऊन पास झाल्या.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी थोरल्या बहिणीचा, ताईचा फोन आला. ती दुसऱ्या गावात एकटी राहायची.

"अगं, मधूनच छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. दवाखान्यात जाऊन आले. नर्सनं नाडी बघितली, बहात्तर. ठणठणीत आहात म्हणाली. आणि ऐक, ती तुझ्याच कोर्सची निघाली. मला केवढा अभिमान वाटला."

बाईंनाही वाटला. खोटं कशाला सांगा.

नवव्या दिवशी ताईची उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. बाई दुपारी हॉस्पिटलात पोचल्या, खाटेवर टेकल्या आणि सवयीनं तिचं मनगट हातात घेतलं. पहिली वीस सेकंदं नाडी शहाण्यासारखी चालली. मग अडखळली, दोन ठोके गिळले, उगाच धावली आणि पन्नासाव्या सेकंदाला पुन्हा सरळ झाली. दवाखान्यात पूर्ण मिनिट मोजलं असतं, तर पहिल्या वर्षाच्या मुलीलाही हे कळलं असतं. नाडी अशी अडखळली, की हृदयात रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकते.

शेजारच्या खाटेपाशी एक तरुण नर्स नाडी बघत होती. तिनं चटकन हात सोडला आणि कागदावर आकडा लिहिला.

"पूर्ण मिनिट मोज गं," बाई म्हणाल्या.

मुलगी वळली, बघत राहिली आणि हसली. "मॅडम, आवाजावरून ओळखलं तुम्हाला. तुम्हीच तर शिकवलंय, पंधरा सेकंदं."

ताई त्यांच्याकडेच बघत होती. तिला बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. बाईंनी तिचं मनगट सोडलं नाही. मान खाली घालून त्या पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या.