रॉकेलच्या डब्यांतले बटाटे

आईला झटका आला तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तीन आठवड्यांनी तिला इस्पितळातून घरी आणलं, तेव्हा तिच्या तोंडात एकच शब्द उरला होता, 'सरी'. कानडीत सरी म्हणजे ठीक, बरं. बेंगळूरच्या आमच्या मराठीत तो दिवसातून पन्नासदा यायचा, म्हणूनच बहुधा तेवढा टिकला. भूक लागली तरी ती सरी म्हणायची, पाठ दुखली तरी सरीच. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतंय, फक्त शब्द निघत नाही.

तिचं माहेर आनेकलजवळचं. तिथे मामा बटाटा लावायचे आणि लग्नाआधी आईही त्या शेतात राबलेली. आता ती मागच्या खिडकीशी खाटेवर पडून परसातल्या फरशीकडे बघत राहायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. मातीत कधी हात न घातलेला माणूस. पण त्यांनी मनावर घेतलं की तिला खिडकीतून काहीतरी उगवताना दिसलं पाहिजे. त्यांनी रॉकेलचे सात रिकामे डबे आणले, खिळ्याने बुडाला भोकं पाडली, तांबडी माती आणि शेणखत भरलं. मामांनी बसने बेणं पाठवलं. मी त्याचे डोळे राखून तुकडे केले, राखेत घोळवले आणि लावले.

कोंब वर आले त्या दिवशी आई हसली. तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसली. रोपं वाढतील तशी बुंध्याशी मातीची भर घालायची असते, हे तिनेच डाव्या हाताने ओंजळ करून आम्हाला दाखवलं, आणि ते आम्हाला समजलंही. त्या आनंदात अण्णा कितीतरी दिवस ऑफिसातून आले की आधी परसात जायचे. मला वाटू लागलं होतं की आता तिचं सगळं आपल्याला कळेल.

जुलैत पावसाची रिपरिप लागली. ऊन नाही, वारा नाही, दोरीवरची लुगडी तिसऱ्या दिवशीही ओली. परसात भिंतीमुळे हवा कोंडून दमट उबारा धरायचा. एका सकाळी आई खिडकीकडे बोट करून सरी, सरी म्हणू लागली. अण्णांनी बाहेर पाहिलं. पाला हिरवागार, गुडघ्याएवढा. ते म्हणाले, "बघ, किती खूष आहे ती." आणि पाऊस जरा थांबला होता म्हणून त्यांनी प्रत्येक डब्यात तांब्याभर पाणी घातलं.

आई थांबेना. डाव्या हाताची दोन बोटं ती उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. कात्री, एवढं मला कळलं. मी कात्री आणली. तिने होकारार्थी मान हलवली, डोळे चमकले. मग मी तिचा हात मांडीवर घेतला आणि तिची नखं कापू लागले. तिने हात ओढून घेतला. मला वाटलं, लागलं असेल. मी पुन्हा हात धरला, हळूहळू पाचही नखं कापली. ती रडायला लागली. आजारपणात रडू लवकर येतं असं सगळे सांगायचे, म्हणून मी तिचे डोळे पुसले आणि कॉलेजला गेले.

पुढचे चार दिवस ती तेच करत राहिली. मी तिचे केस कापून पाहिले, चोळीची बाही उसवून सैल केली. तोवर पानांच्या कडांना काळे, ओलसर डाग दिसू लागले होते. अण्णांना वाटलं, उन्हावाचून झालं असेल. त्यांनी सगळे डबे ओढून भिंतीपासून लांब नेले. डाग पसरतच गेले. पाचव्या दिवशी पानं चिकट होऊन लोळली आणि परसातून कुजका वास खिडकीपर्यंत येऊ लागला.

रविवारी मामा आले. त्यांनी एक पान उलटं करून खालची पांढरी बुरशी पाहिली आणि म्हणाले की हा करपा आहे. दमट हवेत येतो, आला की आठवड्यात झाड संपवतो. ते आत आले तर आईने त्यांच्याकडे बघून तीच दोन बोटं उघडली, मिटली.

"पाला कापा म्हणत्येय अक्का," मामा म्हणाले. "वेळेवर कापला असता तर रोग खाली उतरला नसता. हे कधीपासून दाखवत होती?"

मी म्हटलं, "सोमवारपासून."

मामांनी त्याच दिवशी सातही डबे पालथे केले. बहुतेक बटाटे हाताला लागताच फुटत होते. धड म्हणावे असे अकरा निघाले, लिंबाएवढे. मी ते उकडून, कुस्करून, मीठ-तूप घालून आईला भरवले. तिने सगळे खाल्ले, पण माझ्याकडे न पाहता. अण्णा तिच्या पायाशी बसले होते. ते तिला म्हणाले, "मला वाटलं, तू खूष आहेस."

"सरी," आई म्हणाली.

तिने आम्हाला माफ केलं, की कंटाळून नाद सोडला, की तिला पाणी हवं होतं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. मी पाण्याचं भांडं पुढे केलं. तिने एक घोट घेतला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. अण्णा उठून बाहेर गेले आणि फरशी धुऊ लागले. वास तरी जावा म्हणून त्यांनी तीन बादल्या ओतल्या.