दिपोटींपुढे गप्प बसलेली शाळा

मळवलीपासून दीड कोस आत, डोंगराच्या पायथ्याच्या गावात दिगंबर मास्तर नऊ वर्षं खपले. शाळा कसली, तर मारुतीच्या देवळाची पडवी! चार इयत्ता आणि एकटे मास्तर. पगार बावीस रुपये, वर टपालाच्या कामाचे तीन. मास्तर पडले अनट्रेंड, आणि अनट्रेंड म्हणजे जन्मभर बावीसच.

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं काढली की पगार वाढायचा, तळेगावला बदली मिळायची. मास्तरांना हे स्वतःसाठी नको होतं हो. त्यांचा यशवंत चौथीत होता, आणि पुढची शाळा थेट तळेगावला. पण ट्रेनिंगला नाव जायचं ते तपासणीला येणाऱ्या दिपोटीसाहेबांच्या चांगल्या शेऱ्यावर, तेही तिशीच्या आत. मास्तरांना पौषात तीस पुरी होणार होती. म्हणजे चौतीस सालची ही तपासणी शेवटची.

सहा महिने त्यांनी पोरांकडून दिडकीचा पाढा, नकाशा, कविता असं काही घोटून घेतलं की विचारू नका. गावातल्या भिमाजीचा सोपान तर झोपेत दिडकी बरळायचा.

मार्गशीर्षात दिपोटी आले. त्यांनी आधी सोपानलाच उठवलं.

"बारा दिडं किती?"

सोपान गप्प.

"बरं, नाव काय तुझं?"

तरी गप्प! दुसरं पोर, तिसरं पोर, तीच गत. सगळी मूग गिळून बसलेली. बोलला तो एकटा यशवंत. सगळं विचारलं, सगळं बरोबर आलं.

"हा कोणाचा?" दिपोटींनी विचारलं.

"माझाच, साहेब."

दिपोटी हसले आणि शेरा लिहिला : मास्तर स्वतःच्या मुलापुरतेच शिकवतात.

संध्याकाळी भिमाजी पायलीभर नवा आंबेमोहर घेऊन दारात हजर.

"मास्तर, रागावू नगा. आदलं मास्तर असंच पुण्याला गेलं, ते गेलंच. शाळा दोन साल बंद व्हती. म्हून आमीच पोरांस्नी दम दिला, त्वांड उघडायचं न्हाई. तुमी लय चांगलं मानूस. तुमास्नी आमी कुटं जाऊ देत न्हाई!"

अहो, वैऱ्यानं घात केला तर माणूस शिव्या तरी घालतो. हा तर डोळ्यांत पाणी आणून हात जोडत होता! मास्तरांना त्याचं मानगूट धरावंसं वाटलं, आणि त्यांनी "बसा, भिमाजीभाऊ" म्हटलं. आत मास्तरांची बायको इंदिराबाई पदर तोंडात कोंबून रडत होत्या.

भिमाजी गेल्यावर यशवंतनं विचारलं, "बाबा, मीपण गप्प बसायला हवं होतं का?"

"नाही रे," मास्तर म्हणाले.

जूनमध्ये शाळा उघडली. यशवंत चौथी पास झाला होता. तो पुन्हा चौथीतच येऊन बसला.