माझी संमती मला विचारा

लोकअदालतीच्या खोलीत पाय टाकला आणि मी भिंतीपाशी फरशीवर उकिडवी बसले. हात गुडघ्यांवर, मान खाली. कोणी बस म्हटलं नव्हतं. समोर तुरुंगाच्या मॅडम दिसल्या, एवढंच. तुरुंगात अधिकारी आला की कैद्याने असंच बसायचं असतं. जामिनावर सुटून वर्ष होत आलं होतं, तरी पाय आपोआप वाकले.

मॅडम हसल्या. शेजारच्या कारकुनाला म्हणाल्या, "पाहा, शिस्त अजून टिकून आहे."

अंगाची लाहीलाही झाली. पण उठले नाही.

मी राळेगाव तालुक्यातली, कापूस वेचायला जाणारी बाई. शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या भांडणात माझंही नाव गुंतवलं आणि कच्ची कैदी झाले. पहिल्याच सकाळी याच मॅडमनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. "संडास हिच्याकडे," त्या म्हणाल्या. बस्स. गुन्हा नाही विचारला, काय काम येतं ते नाही विचारलं. माझ्या आजोबांनी धम्म घेतला तो असलंच जिणं झुगारायला. मी नाही म्हटलं. तर सगळ्या बरॅकीसमोर दिवसभर उन्हात उकिडवं बसवलं, पाठीत लाथ घातली. सुटल्यावर मी त्यांच्यावर दावा लावला.

आता तोच दावा मिटवायला सगळे जमले होते. न्यायाधीशांनी तडजोड वाचली. मॅडम खेद व्यक्त करतील, मी दावा मागे घेईन.

"दोन्ही पक्षांची संमती आहे ना?"

"आहे, साहेब," माझे वकील म्हणाले. मला न विचारता. मग माझ्या कानाशी वाकले. "अंगठा देऊन टाका, ताई. कायले वाढवता?"

अंगठा! मी दहावी शिकलेली. सही येते का, हेही या माणसाने कधी विचारलं नव्हतं.

मी उठले. "साहेब, माही संमती मले विचारा. दुसऱ्याले कायले विचारता?"

त्यांनी चष्मा काढला. "बरं. तुमची संमती आहे?"

"नाही."

"विचार करा. नेहमीच्या कोर्टात वर्षं जातील."

"जाऊ द्या. पण मी नाही म्हटलं, तर तुमाले इथं निकाल देता येते काय?"

"नाही," ते म्हणाले. "तुमच्या होकाराशिवाय नाही. दावा परत जाईल."

एवढा मोठा साहेब, आणि माझ्या एका शब्दावाचून त्याचं अडलं होतं. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. माझ्याच वकिलाने नाही. आमच्यासारख्यांची मान हलणारच, असं सगळे धरून चालतात. त्या सगळ्यांचा मला संताप आला. अजून येतो.

मॅडम म्हणाल्या, "खेद लिहून देतेय ना बाई, अजून काय हवं?"

"खेद नोको. जबाब पायजे."

दावा परत गेला. वकील मी बदलला. मजुरी बुडवून दर तारखेला एस.टी.ने येते. गावातले म्हणतात, सोड आता. कशाला सोडू? मॅडमनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहायचं. शपथ घ्यायची. आणि माझं आडनाव ऐकून त्यांना संडासच का आठवला, हे भर कोर्टात स्वतःच्या तोंडाने सांगायचं. तोवर माझ्याकडून होकार नाही. कोणालाच नाही.