दामाजी नाखव्याचं दुमजली विमान

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, दामाजी नाखवा या नावाने फारसं कुणी ओळखत नसे. ‘दुमजली दामा कुठे राहतो?’ असं विचारलं, की मात्र कुणीही थेट आमच्या दारात आणून सोडायचं. आमचं घर बैठंच होतं. दुमजली होतं ते विमान.

दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी आबा आठ-नऊ वर्षांचे होते. ओहोटीला खाडीत खेकडे धरायला गेले असताना त्यांच्या डोक्यावरून एक चंदेरी विमान गेलं. इतकं खालून, की आतल्या माणसाचं डोकं दिसलं. आणि त्याला पंखावर पंख होते, एकावर एक. आबा धावत घरी येऊन ओरडले, “दुमजली विमान बगितलं!” झालं! अख्खा कोळीवाडा हसला. सगळ्यात जास्त हसला तो त्यांचा जिवलग दोस्त गुणाजी. तोही खेकड्यांना बरोबर गेला होता, पण म्हणे विमान येण्याआधीच घरी परतला होता. “खालच्या मजल्यावर भाडेकरू कोन व्हता रं?” असं तो आबांना पुढची पन्नास वर्षं विचारत राहिला. माझ्या लग्नातसुद्धा, भर पंगतीत, त्याने हे विचारलं.

आबांनी आधी खाडीत मासेमारी केली. कारखान्यांच्या पाण्याने मासळी संपली तेव्हा बंदरात खलाशी म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. नंतर मात्र त्यांना दिवस खायला उठला. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर ते उगाच डाफरायचे.

सत्त्याऐंशी साली माझा भाऊ गोविंदा मस्कतहून सुट्टीवर आला. बॅगेतून त्याने एक पुठ्ठ्याचा खोका काढला आणि आबांच्या मांडीवर ठेवला. खोक्यावर चित्र होतं. चंदेरी विमान, पंखावर पंख.

“आबा, हेच का?” गोविंदाने विचारलं.

आबांनी खोका उजेडात धरला. मग आईला हाक मारली, “जने, इकडं ये! बग! माज्या डोल्यांनी बगितलेलं ते हेच!”

खोक्यावर ‘ग्लॉस्टर ग्लॅडिएटर’ असं लिहिलेलं होतं. लढाईच्या आधीचं इंग्रजांचं लढाऊ विमान. आत मात्र विमान नव्हतंच, नुसते प्लास्टिकचे बारीक तुकडे होते आणि कुठला तुकडा कुठे चिकटवायचा याची चित्रं. आबांनी दुसऱ्या दिवशीच ओट्यावर पाट मांडला.

विमानाचं धड जोडणं सोपं गेलं. इंजिन, चाकं, शेपूट, सगळं जागच्या जागी बसलं. अडलं ते वरच्या पंखाशी. तो काडीएवढ्या खांबांवर उभा राहायचा होता. एक खांब चिकटला की दुसरा सुटे आणि पंख एका बाजूला कलंडे. तिसऱ्यांदा कलंडला तेव्हा आबांनी गोंदाची ट्यूब भिरकावून दिली.

आई शेजारी बोंबील साफ करत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, “होडीचं बूड करताना काय करता? उपडी घालता ना? मंग हेबी उपडंच घाला.”

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग गुपचूप उठून परातीत तांदूळ ओतून आणले. वरचा पंख त्यात उलटा रोवला, खांब त्यावर उभे केले आणि बाकीचं विमान वरून उपडं ठेवलं. संध्याकाळी सरळ केलं, तर दुसरा मजला ताठ उभा! त्या दिवशी चहा आबांनी केला. आमच्या घरात ही बातमीच होती.

रंग खोक्यात नव्हता. खिडकीच्या ग्रिलला लावतात तो चंदेरी ऑइलपेंट आबांनी आणला. पहिला हात इतका जाड बसला की विमानावर साय धरल्यासारखं दिसू लागलं. रॉकेलच्या बोळ्याने पुसून, रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. दरवर्षी होडी रंगवणारा हात होता तो, एकदा अंदाज आल्यावर चुकला नाही. पंखांवरची लाल-पांढरी-निळी चक्रं त्यांनी श्वास रोखून काढली.

दोन पंखांच्या मध्ये तारा ओढायच्या होत्या. जाळ्याचा नायलॉनचा धागा लावून पाहिला, तो दोरखंडासारखा दिसला. तेव्हा आबांनी आईच्या अंबाड्याकडे नजर टाकली.

“खुळे झाले का?” आई म्हणाली. पण केस विंचरताना कंगव्यात आलेले पांढरे केस तिने स्वतःच त्यांच्या पाटावर आणून ठेवले. त्या तारांना रंगसुद्धा द्यावा लागला नाही.

शेवटी उरला बोटाच्या पेराहून लहान वैमानिक. आबांनी त्याला गव्हाळ रंग दिला आणि डोक्यावर लालभडक कोळी टोपी चढवली. “आबा, हा इंग्रज आहे,” मी म्हटलं. “आसंल,” ते म्हणाले, “पन आता आपल्या दारातून चाललाय.”

गुणाजीकाका एव्हाना मुलाकडे शहाडला राहायला गेला होता. रविवारी सकाळी मिठाईच्या खोक्यात कापूस घालून, त्यात विमान ठेवून आबा, आई आणि मी त्याच्याकडे गेलो. आबांनी नवा सदरा घातला होता. काकाच्या बैठकीत शेजारचे गद्रे बसले होते. ते हवाई दलातून निवृत्त झालेले. आबांनी खोका उघडला, विमान टेबलावर ठेवलं आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

गद्रे चष्मा लावून वाकले. “वा! ग्लॅडिएटर! फार सुबक केलंय तुम्ही. पण हे विमान तेव्हा ठाण्यावरून गेलं असेल असं मला वाटत नाही हं. त्या काळी दोन पंखांची विमानं पुष्कळ होती. तुम्ही पाहिलं ते दुसरं एखादं असणार.”

आबांचा चेहरा पडला. मग त्यांनी विचारलं, “पन दुमजली व्हती ना ती?”

“सगळी दुमजलीच!” गद्रे हसून म्हणाले.

आबांनी विजयाने गुणाजीकाकाकडे पाहिलं. काका मात्र डोळे बारीक करून विमानाच्या मागच्या बाजूला बघत होता. एकदम तो म्हणाला, “आरं दामा, ही शेपटी चुकली रं! तांबडी व्हती ती!”

आबांनी हाताची घडी सोडली.

“तुला रं काय ठावं?” आबांनी हळूच विचारलं. “तू तर घरी गेलेलास.”

काकाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कान लाल झाले. “घरी कुठला जातोय! त्याचा आवाज आयकून घाबरलू नं चिखलात पडलू. गळ्यापर्यंत रुतलेलू. बापाची टोपली गेली व्हावून. घरी काय सांगू, इमानाला भिऊन पडलू? म्हनून बोललू, मी नव्हतूच तिथं.”

आधी आई हसली. तिने पदर तोंडाला लावला, तरी तिचं हसू थांबेना. मग गद्रे, मग मी. आबा काही क्षण रागावायचा प्रयत्न करत उभे होते, पण ते जमलं नाही. खाली बसले आणि पोट धरून हसले. “पन्नास वर्सं! गुण्या, पन्नास वर्सं मला एकट्याला खोटा पाडलास!”

“मंग काय करू? तू येवढा मोठ्यांदी ओरडत गेलास, मला बोलायला जागाच नाय ऱ्हायली.”

दुपारी जेवण झाल्यावर दोघे म्हातारे विमानावर डोकी लावून बसले. शेपटी रंगवायची ठरली. काका म्हणाला तांबडी, आबा म्हणाले त्यांनी पाहिली ती चंदेरीच. वाद मिटेना तेव्हा गद्र्यांनी तोडगा काढला: एक बाजू तांबडी, एक चंदेरी. दोघांनीही तो धुडकावून लावला.

गोविंदा पुढच्या वर्षी आला तो दोन खोके घेऊनच. गुणाजीकाका दर रविवारी ठाण्याला यायला लागला. त्याचा हात थरथरायचा, म्हणून आबा रंगवायचे आणि तो चुका काढायचा. आई त्या दोघांना ओट्यावरून हलवून हलवून थकली आणि शेवटी बोंबील साफ करायला ती परसात बसू लागली.