नळाखालचं हसू

“झाला फोटो. आता घागर परत ओत,” सरपंच म्हणला.

भरलेली घागर माझ्या कमरेवर होती. वस्तीतला नळ नवाकोरा, पण त्याला पाणी कधी आलंच न्हाई. त्या दिवशी सरपंचानं त्याच्या शेतावरचा टँकर मागं उभा केला, नळाच्या खांबाच्या आडून पाइप आणला, तोटीला मागून जोडला. अन् मला बोलावलं, “ए, तू ये गं.” सगळ्या बायांत मीच का, तर माझी साडी जरा धड होती. त्याचा माणूस फोटो काढायला, हा आडून पाइप धरून. हस म्हणला, रडकं तोंड नको म्हणला. मी हसले. खरं सांगते, पाणी बघून हसले.

अन् ते पाणी टँकरात परत ओतायला लावलं. त्याच्या मोसंबीला द्यायचं होतं. घागर घेऊन टँकरवर चढवलं मला, अन् खाली त्याची माणसं फिदीफिदी हसून राहिली होती. अंगाची नुसती आग झाली. तरी घागर रिती केली अन् खाली उतरले. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. तिथून वर मान करून बोलायची सवयच न्हाई लागू दिली कुणी.

उन्हाळ्यात हापसा आटला. आम्ही बाया तालुक्याला कचेरीत गेलो, टँकर द्या म्हणून. साहेबानं कॉम्प्युटर आमच्याकडं फिरवला. सरकारची साइट, कुणीबी उघडून बघावी अशी. आमच्या वस्तीवर हिरवा ठिपका. घरोघर नळ, घरोघर पाणी. खाली माझा फोटो.

“बाई, इथं तर तुम्हीच हसून राहिल्या,” साहेब म्हणला. “टँकर कसा देऊ?”

सगळ्या बाया माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. धरणी फाटावी असं झालं मला. टँकर आला न्हाई. माझी सासू लांबच्या विहिरीवर शेंदायला गेली, घसरली, खुबा मोडला. अजून बाजेवर हाय.

मग मी मोबाइलवर ती साइट उघडली. माझाच फोटो बोटानं मोठा करून बघितला. खांबाच्या आडून पाइप दिसतो. पाइप धरलेला हात दिसतो. हातात सरपंचाचं जाडजूड कडं. रोज बघते मी तो फोटो. वस्तीतल्या एकेकीला दाखवलाय.

त्यालाबी कळलंय. वरून तपासणी येणार म्हणल्यावर काल माझ्या दारात आला. जन्मात कधी खाली उतरला नव्हता.

“वहिनी, तो फोटो काढून दुसरा टाकू,” म्हणला. “फकस्त एकदा परत उभ्या रहा. आजच टँकर पाठवतो.”

‘ए’ची वहिनी झाली बघा. घरात हंडे पालथे पडलेले, सासू पाणी मागून राहिलेली. जीव तुटला माझा. तरी म्हणलं, “तो फोटो तिथंच राहू द्या. तुमचा हात हाय त्यात.”

त्याचं तोंड उतरलं. लई बरं वाटलं मला.

माफी नको मला. सूड पायजे. उद्या तपासणीवाले येणार हायत. त्यांच्यासमोर मी तोटी सोडणार. तीच घागर त्याच्या कमरेवर देणार, त्याच नळाखाली त्याला उभा करणार. फोटो मी काढणार. सगळी वस्ती बघत आसंल. हस म्हणणार त्याला.

अन् घागर भरल्याशिवाय तिथून हलू देणार न्हाई.